पट्टी मापून कापा, लावून कापू नका
(चौकोनांच्या गोधडीतल्या मधल्या पट्ट्या सरळ येण्यासाठी)



गोधडी शिवायला आपल्याला कुणी वेगळं शिकवलेलं नाही. आईच्या, आजीच्या, सासूच्या शेजारी बसून आपण ती शिकलो. कुठे तिला वाकळ म्हणतात, पण रीत तीच. खाली जुनं लुगडं पसरायचं, वर ठिगळं मांडायची आणि कडेपासून धावदोरा घालत घालत मध्यापर्यंत यायचं. त्या गोधडीत एखादं ठिगळ तिरकं बसलं तरी बिघडत नाही. ते शेजारच्या ठिगळावर थोडं चढवता येतं आणि धावदोरा सगळं सांभाळून घेतो.

आता मात्र गटांकडे मागणी येते ती चौकोनांच्या गोधडीची. एकसारखे चौकोन आणि त्यांच्यामध्ये एकाच रंगाची पट्टी, खिडकीच्या गजांसारखी. ह्या गोधडीत डोळा आधी पट्टीवर जातो. चौकोनातली कलाकुसर कितीही सुंदर असू दे, पट्टी नागमोडी गेली की गिऱ्हाईक गोधडी उलगडतं, बघतं आणि परत घडी घालून ठेवतं.

म्हणून हा धडा फक्त ह्या पट्ट्यांचा आहे. आणि त्याची सुरुवात आमच्या गटाच्या फजितीपासून करते.

आमचं काय चुकलं

आम्हाला एका दुकानाची आठ गोधड्यांची ऑर्डर मिळाली होती. आम्ही सहा जणींनी काम वाटून घेतलं. पाच जणींनी आपापल्या घरी, आपापल्या मशीनवर चौकोनांच्या ओळी शिवायच्या. सहावीने ओळींच्या मधल्या लांब पट्ट्या लावून सगळं जोडायचं. जोडणारी ताई आमच्यात मशीनला सगळ्यात सराईत, म्हणून तिला ते काम दिलं.

आठातल्या तीन गोधड्या परत आल्या. उभ्या पट्ट्या एका ओळीत नव्हत्या. वरच्या ओळीतली पट्टी इथे, तर खालच्या ओळीतली बोटभर बाजूला. बैठकीत सगळ्यांनी एकच बोट दाखवलं, जोडणारीचा हात वाकडा. ती बिचारी काही बोलली नाही. बैठक संपल्यावर अध्यक्षताईंना म्हणाली, "मला ह्या कामातून मोकळं करा."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या तीन गोधड्या समाजमंदिराच्या फरशीवर पसरल्या आणि टेप घेऊन एकेक ओळ मोजली. एक ओळ साडेबासष्ट इंच, तिच्याखालची साडेत्रेसष्ट, तिसरी त्याहून वेगळी. जोडणारीची टीप तर सुतात होती! ओळीच लहानमोठ्या आल्या होत्या आणि तिने त्या ओढूनताणून कशाबशा जुळवल्या होत्या. चूक तिच्याकडे कापड पोचायच्या आधीच झाली होती, आणि ती आम्हा पाच जणींची होती.

आम्ही तिची माफी मागितली. मग सगळ्यांनी मिळून चार दिवस बसून तीन गोधड्या उसवल्या आणि परत शिवल्या. उसवण्याची मजुरी कुणी देत नाही, हे त्या चार दिवसांत चांगलंच कळलं.

अर्ध्या सुताचा हिशोब

एक इंच म्हणजे आठ सूत. म्हणजे पाव इंच माया दोन सुतांची. आता एका ओळीचा हिशोब करा. ओळीत ४ चौकोन आणि ५ उभ्या पट्ट्या, म्हणजे ९ तुकडे. ९ तुकडे जोडायला ८ शिवणी लागतात.

समजा तुमची टीप फक्त अर्धा सूत आत पडली. एका शिवणीत दोन तुकडे असतात. दोन्हींतून अर्धा अर्धा सूत गेला, म्हणजे एका शिवणीला एक सूत कमी. ८ शिवणींना ८ सूत. अख्खी ओळ एक इंचाने लहान झाली.

अर्धा सूत डोळ्याला दिसत नाही, एक इंच लांबून दिसतो. आमच्या साडेबासष्टच्या ओळीचं गणित हेच होतं.

दुसरी चूक: लावून कापणे

ही चूक आपण बहुतेक जणी करतो. लांब पट्टी घ्यायची, ओळीच्या कडेला लावायची, शिवत जायचं आणि शेवटी उरलेली पट्टी कात्रीने कापून टाकायची. काम झटपट होतं. पण मशीनचे दात खालचं कापड पुढे ओढतात आणि फुटाखालचं वरचं कापड थोडं मागे राहतं. शिवताना एक कापड ताणलं जातं, दुसरं गोळा होतं. पट्टी शेवटी कापली की किती ताणलं गेलं हे कळायला मार्गच उरत नाही. प्रत्येक ओळीला पट्टीची लांबी वेगळी पडते. मग गोधडीच्या कडा लाटेसारख्या हलतात आणि मध्ये झोळ येतो.

म्हणून नियम एकच, तो मशीनवर लिहून चिकटवा: पट्टी आधी मापून कापायची. मग चौकोन त्या पट्टीत बसवायचा. पट्टी म्हणजे आपली फूटपट्टी. ती बदलत नाही.

सगळ्या जणींचं माप एक करा

काम वाटण्याआधी अर्धा तास एकत्र बसा आणि तीन गोष्टी करा.

एक, टेप तपासा. जुना टेप वापरून वापरून ताणतो. सगळ्या जणींचे टेप एका स्टीलच्या फूटपट्टीला लावून बघा. ज्याचं माप चुकतं तो बाजूला ठेवा.

दोन, साचे एकीनेच कापा. पुठ्ठ्याचा साचा खडू फिरवून फिरवून कडेला झिजतो आणि माप बदलतं. जुनी एक्स-रे फिल्म किंवा जाड प्लॅस्टिक चांगलं टिकतं. साच्याचे कोपरे गुण्याने तपासा. घरात गवंडीकाम किंवा सुतारकाम करणारं कुणी असेल तर गुण्या मिळेलच.

तीन, प्रत्येक मशीनवर पाव इंचाची खूण करा. एका जुन्या पत्रिकेच्या जाड कागदावर कडेपासून पाव इंचावर रेघ मारा. कागद फुटाखाली ठेवा आणि चाक हाताने फिरवून सुई बरोबर रेघेवर उतरवा. आता कागदाच्या उजव्या कडेला लागून मशीनवर चिकटपट्टी लावा. तीन-चार थर द्या म्हणजे कापडाला धक्का लागेल. चिकटपट्टी दातांवर किंवा बॉबिनच्या झाकणावर येऊ देऊ नका. "माझा फूट पाव इंचाचाच आहे" असं धरून चालू नका. मशीन बदललं की फूट बदलतो.

आता परीक्षा घ्या. दीड इंच रुंद आणि हातभर लांब अशा तीन चिंध्या कापा. त्या शेजारी शेजारी जोडा, इस्त्री करा आणि मधली पट्टी मोजा. ती बरोबर एक इंच भरली पाहिजे. कमी भरली तर टीप आत पडते आहे, चिकटपट्टी दोऱ्याभर सुईकडे सरकवा. जास्त भरली तर बाहेर सरकवा. गटातल्या प्रत्येकीने आपापल्या मशीनवर ही परीक्षा द्यायची. सगळ्यांची मधली पट्टी एक इंच आली की मगच काम वाटायचं.

कापड किती आणि कसं

उदाहरणाला एका पलंगाची गोधडी घेऊ. तयार चौकोन १२ इंचांचा, तयार पट्टी ३ इंचांची. आडवे ४ चौकोन, उभे ६. बाहेरच्या कडेलाही पट्टी.

रुंदी: ४ चौकोन × १२ = ४८, अधिक ५ पट्ट्या × ३ = १५. एकूण ६३ इंच.
लांबी: ६ चौकोन × १२ = ७२, अधिक ७ पट्ट्या × ३ = २१. एकूण ९३ इंच.

प्रत्येक तुकड्याला दोन्ही बाजूंनी पाव इंच माया, म्हणजे मापात अर्धा इंच मिळवायचा. कापायचे तुकडे असे:

- चौकोन: साडेबारा × साडेबारा इंच, २४ नग.
- पट्ट्या: साडेबारा × साडेतीन इंच, ५८ नग (उभ्या ३०, आडव्या २८).
- जिथे उभी आणि आडवी पट्टी भेटते तिथले छोटे चौकोन: साडेतीन × साडेतीन इंच, ३५ नग.

ह्या छोट्या चौकोनांना आमच्याकडे आम्ही चौक म्हणतो. चार रस्ते मिळतात तो चौक. नवशिक्या गटांनी चौक जरूर घालावेत. चौक असला की पट्टी कुठे संपते आणि कुठे जुळवायची हे प्रत्येक ठिकाणी दिसतं, आणि लांब पट्टी ओढण्याचा प्रश्नच येत नाही.

४४ इंच पन्ह्याचं सुती कापड घेतलं तर पट्ट्यांना सव्वादोन मीटर आणि चौकांना अर्धा मीटर पुरतं. कापड कापण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा, वाळवा, इस्त्री करा. नवं सुती कापड आटतं. शिवल्यावर आटलं तर सगळी मेहनत वाया जाते. लाल, गडद निळा असे रंग वेगळे भिजवा आणि पाण्यात रंग उतरतो का ते बघा.

पट्टी उभ्या धाग्यात कापा, म्हणजे पट्टीची लांबी कापडाच्या काठाला समांतर आली पाहिजे. उभा धागा सगळ्यात कमी ताणतो. आडवा थोडा ताणतो. उरेब कापड तर रबरासारखं ताणतं, त्याची पट्टी इथे अजिबात नको. कापडाचा काठ घट्ट विणलेला असतो, तोही पट्टीत घेऊ नका.

जुन्या साडीची पट्टी करायची असेल तर कापड उजेडाकडे धरून बघा. विरलेला भाग सोडून द्या. साडीचा काठ पट्टीला फार शोभतो, पण काठ एका धाग्याचा आणि अंग दुसऱ्या धाग्याचं असेल तर दोन्ही सारखं आटत नाही. आधी धुऊन, इस्त्री करून मगच मापा.

आता शिवायला बसा

१. चौकोन तपासा. प्रत्येक चौकोनाच्या चारही बाजू मोजा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं घ्या. दोन्ही तिरकी मापं सारखी आली तर चौकोन काटकोनात आहे. एखादा चौकोन सूतभर मोठा असेल तर चालेल, तो सामावून घेता येतो. दोन सुतांहून जास्त फरक असेल तर तो चौकोन उसवून दुरुस्त करा. लहान चौकोन ओढून मोठा करायला जाऊ नका. सगळेच चौकोन थोडे लहान झाले असतील, सव्वाबारा इंच भरत असतील, तर सगळ्या पट्ट्याही सव्वाबाराच्याच कापा. माप कोणतंही चालेल, सगळ्यांना एकच पाहिजे.

२. मध्य काढा. पट्टी दुमडून नखाने मधोमध घडी पाडा. चौकोनाच्या कडेलाही तशीच घडी पाडा. घडीला घडी लावून पहिली टाचणी मारा. मग दोन्ही टोकं जुळवून टाचा. मग मधल्या जागेत एक-एक टाचणी. टोकापासून सुरू करून पुढे टाचत गेलं की उरलेलं सगळं कापड शेवटच्या टोकाला गोळा होतं.

३. मोठा तुकडा खाली. चौकोन पट्टीपेक्षा किंचित मोठा असेल तर चौकोन खाली, दातांकडे ठेवा. दात तो जास्तीचा भाग हळूहळू आत घेतात आणि चुण्या पडत नाहीत. हाताने कापड ओढायचं नाही. हात फक्त दिशा दाखवायला. टाचणी सुईखाली यायच्या आधी काढा.

४. आधी सगळ्या ओळी करा. चौकोनांची ओळ अशी: पट्टी, चौकोन, पट्टी, चौकोन, असं करत शेवटी पट्टी. अशा ६ ओळी. चौकांची ओळ अशी: चौक, पट्टी, चौक, पट्टी, शेवटी चौक. अशा ७ ओळी. प्रत्येक ओळ शिवून झाली की मोजा. कडेची माया धरून ती साडेत्रेसष्ट इंच भरली पाहिजे. नाही भरली तर पुढे जायचं नाही. आत्ता उसवलं तर एक शिवण उसवावी लागेल, नंतर अख्खी गोधडी.

५. माया पट्टीकडे वळवा. इस्त्री करताना प्रत्येक शिवणीची माया पट्टीच्या बाजूला झोपवा. दोन्ही प्रकारच्या ओळींत हाच नियम. असं केलं की ओळीवर ओळ ठेवल्यावर कोपऱ्यात एकीची माया डावीकडे आणि दुसरीची उजवीकडे येते. बोटाने चाचपून बघा, दोन्ही शिवणी एकमेकींना चिकटून घट्ट बसतात. कोपरा जुळला हे हाताला कळतं, डोळ्याने बघायलाही नको. इस्त्री उचलून ठेवायची, घासत न्यायची नाही. घासली की कापड ताणतं.

६. ओळी जोडा. आधी सगळे कोपरे टाचा. प्रत्येक शिवणीवर एक टाचणी, म्हणजे एका ओळीला ८ टाचण्या. मग दोन टोकं, मग मधल्या जागा. लांबच लांब शिवण असल्याने कापडाचं वजन मशीनखाली लोंबू देऊ नका. बाजूला स्टूल किंवा पाट ठेवा, नाहीतर वजनानेच ओळ खाली ओढली जाते. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे शिवली तर पुढची उजवीकडून डावीकडे शिवा. एकाच दिशेने शिवत गेलं तर कधी कधी सगळी गोधडी एका अंगाला कलते.

७. शेवटची तपासणी. जोडलेलं कापड सपाट फरशीवर पसरा. फरशीच्या सांध्यांवर पट्ट्या लावून बघा, सांधा आयती सरळ रेघ देतो. वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी रुंदी मोजा. लांबीही तीन ठिकाणी मोजा. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन्ही तिरकी मापं. ती सारखी आली की तुमचं काम पास.

मग अस्तर आणि आतले थर लावताना एक काळजी घ्या. धावदोऱ्याआधी गोधडीच्या मध्यापासून कडांकडे कच्चा दोरा घाला, उभा आणि आडवा. घाईघाईने एका कडेपासून शिवत सुटलं तर सरळ आलेल्या पट्ट्याही थरांबरोबर सरकतात. पहिला पक्का धावदोरा पट्टीच्या कडेला लागून घाला, म्हणजे रेघ तिथेच बांधली जाते.

काम वाटताना

ह्या सगळ्यातून आमच्या गटाने तीन नियम केले. कापणी एकीनेच करायची, एकाच साच्याने. ज्या मशीनवर एक इंचाची परीक्षा पास झाली नाही त्या मशीनवर ऑर्डरचं काम नाही. आणि प्रत्येक ओळीला चिठ्ठी टाचायची, त्यावर शिवणारीचं नाव आणि ओळीचं माप.

चिठ्ठीचं ऐकून काही जणींना आधी राग आला. वाटलं, चोर पकडायला चिठ्ठी लावली. पण चिठ्ठीमुळे उलट झालं. ओळ चुकली तर ती जोडणारीकडे जायच्या आधीच शिवणारीला कळते, ती घरीच दुरुस्त करते. बैठकीत कुणावर बोट दाखवायची वेळ येत नाही. एकीच्या डोक्यावर सगळ्यांची चूक पडत नाही.

आमची ती जोडणारी ताई आता कापणी बघते. साचे तिच्याच पेटीत असतात. तिने पुढच्या ऑर्डरच्या वेळी पहिली गोष्ट केली ती म्हणजे आमचे सहाही टेप मागवून घेतले. दोन टेप तिने कात्रीने कापूनच टाकले.

पुढच्या बैठकीत करून बघा

१. सगळ्यांचे टेप एका स्टीलच्या फूटपट्टीला लावा. किती टेप बरोबर निघाले ते वहीत लिहा.
२. तीन चिंध्यांची परीक्षा प्रत्येकीने आपल्या मशीनवर घरी करून आणायची. मधल्या पट्टीचं माप सगळ्यांसमोर मोजायचं.
३. दोघींनी मिळून नमुना करा: ४ चौकोन, १२ पट्ट्या, ९ चौक. चौकोन ६ इंचांचा, पट्टी २ इंचांची धरली तर तयार नमुना १८ इंच भरला पाहिजे. कसा ते आधी कागदावर मांडून बघा. कापायची मापं काढताना अर्धा इंच विसरू नका.

नमुना १८ इंच भरला तर उशीचा अभ्रा करा. नाही भरला तरी टाकू नका. तो फरशीवर पसरा, एकेक शिवण मोजा आणि सूत कुठे गेलं ते शोधा. शोधताना माणूस शोधू नका, शिवण शोधा.